गाऱ्हाणं घालायचं कुणाला?

झुरिकला नोकरी करणारा माझा मावसभाऊ दिवाळीत आला, तेव्हा नेहमीच्या चॉकलेटांबरोबर त्याने एक काळंकुट्ट पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "दादा, तुला वाचनाची आवड ना, म्हणून आणलं." मी उघडलं. पहिलं पान, पाचवं पान, विसावं पान. शब्द म्हणून नाही! नुसती चित्रं, तीही दिवे गेलेल्या रात्री पाहिल्यासारखी. वाचनाची आवड असलेल्या माणसाला हे देणं म्हणजे पाटपाणी करून, रांगोळी घालून पुढ्यात नुसतं केळीचं पान मांडणं.

चॉकलेटं त्याच रात्री संपली. पुस्तकही संपलं, अर्ध्या तासात. मग दिवा मालवायला उठवेना.

चित्रकाराचं नाव थॉमस ओट. 1966 साली झुरिकमध्येच जन्मलेला. त्याची पद्धत अशी, की पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या पुठ्ठ्यावर काळी शाई फासलेली असते आणि ती तो पात्याने खरवडतो. खरवडलं तिथे पांढरं, बाकी सगळा काळोख. इतर चित्रकार कोऱ्या कागदावर सावल्या काढतात. हा मनुष्य आधी अंधार गच्च भरून घेतो आणि आपल्याला भीती वाटायला लागेल तेवढाच उजेड त्यातून काढतो. मी भिंग लावून एका पात्राचं कपाळ पाहिलं. एकेक सुरकुती वेगळी खरवडलेली! करपलेलं दुधाचं पातेलं घासताना मी आयुष्यात इतकी चिकाटी दाखवलेली नाही. गंमत म्हणजे हा गृहस्थ रॉक बँडमध्ये गातोही. सगळे शब्द तिकडेच खर्च होत असावेत.

माझ्या हाती आलं होतं ते त्याचं 2008 सालचं पुस्तक. त्याचं नावच मुळी एक आकडा आहे: 73304-23-4153-6-96-8. तुरुंगात विजेच्या खुर्चीवर एका कैद्याला मारलं जातं. मारणाऱ्या नोकरदाराला मागे राहिलेली एक चिठ्ठी सापडते, तिच्यावर हा आकडा. मग त्या आकड्याचे तुकडे त्याला जिथेतिथे भेटू लागतात. आधी नशीब उघडतं, मग तेच आकडे उलटतात. का उलटतात, ते कुणी सांगत नाही. सांगणार कोण? बोलायची सोयच नाही.

मी धारप आणि मतकरी यांच्या भयकथा वाचत वाढलो. घाबरणं मला नवीन नाही. पण शब्दांच्या भयकथेत लेखक सोबतीला असतो. पुष्कळदा गोष्ट सांगणारा 'मी' असतो, म्हणजे निदान तो तरी वाचलाय, एवढा दिलासा मिळतो. इथे गोष्ट मीच मनातल्या मनात सांगत होतो, आणि माझा आवाज इतका घोगरा आहे हे मला त्या रात्री प्रथमच कळलं. शिवाय आमच्या फ्लॅटचा नंबर 23. रात्री एक वाजता मी विम्याची पॉलिसी काढून आकडे ताडून पाहिले.

शब्दांवाचून गोष्ट सांगायची ही खोड ओटचीच असंही नाही. अमेरिकेत लिंड वॉर्डने 'गॉड्स मॅन' ही निःशब्द कादंबरी लाकडावर कोरलेल्या 139 चित्रांत सांगितली. एका चित्रकाराला मुखवटेवाला अनोळखी माणूस जादूचा कुंचला देतो आणि शेवटी हिशेब मागायला येतो. ती बाजारात आली 1929 च्या ऑक्टोबरात, वॉल स्ट्रीट कोसळली त्याच आठवड्यात. लोकांना त्या वेळी निराळ्या भयकथेची गरज होती असं नाही.

सकाळी आईने चहाबरोबर ते पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हो, मोठ्याने! "आला बघ मेला. कागद उचलतोय. अरे, गेलेल्याची वस्तू अशी घरी नेतात का?" दोन पानांनी तिने त्या मारेकऱ्याचं नाव बापू ठेवलं. पुढे एक बाई आली, ती 'भवानी' झाली. "बापूला हिचं लक्षण कळत नाही? घरात कुणी मोठं माणूस नाही वाटतं." बघता बघता ओटचा सगळा काळोख आमच्या स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत बसला.

आई कुडाळकडची. तिकडचं भूत बोलतं. काय हवं ते सांगतं, कोंबडा मागतं, घासाघीस केली तर नारळावर येतं. देवचार असो की मुंजा, त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालता येतं, आणि चार माणसं मागून "व्हय म्हाराजा" म्हणाली की काम बऱ्यापैकी मार्गी लागतं. ओटचा आकडा काहीच मागत नाही. त्याला नारळ दाखवून उपयोग काय?

"दाखवून तर बघू," आई म्हणाली. तिने पुस्तक पाटावर ठेवलं, पुढे नारळ ठेवला आणि बापूपासून माझ्या पॉलिसीपर्यंत सगळ्यांच्या नावे खणखणीत गाऱ्हाणं घातलं. मागून "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटाच होतो. जीव तोडून म्हटलं.

नारळाची दुपारी सोलकढी झाली. पुस्तक कपाटात आहे, कणा भिंतीकडे करून. कुणाला वाचायचं असल्यास खुशाल घेऊन जावं. परत आणायची घाई नाही.