जगाला म्यूट करणाऱ्या साहेबांस



हेडफोनच्या जाहिराती आपण लिहिता, म्हणून हे पत्र आपल्याला. कंपनीलाच लिहिणार होतो, पण तिथे पत्राला माणूस उत्तर देत नाही, तक्रार क्रमांक देतो.

आपली नवी जाहिरात पाहिली. पंचविशीतला एक देखणा तरुण उंच इमारतीत काचेच्या भिंतीपाशी उभा राहतो, कानांवर हेडफोन चढवतो, डोळे मिटतो आणि खालचं अख्खं शहर गप्प होतं. फार आवडली. शंका एवढीच की या तरुणाच्या घरात कुणीच कसं नाही? ओट्यावर कुकर नाही, दारावर कुरिअरवाला नाही, वरच्या मजल्यावर फरशा बदलायला काढलेल्या नाहीत. बंद काचेआड एकट्या राहणाऱ्या माणसाला पंचवीस-तीस हजारांची शांतता विकायची, म्हणजे विक्रीकला खरोखर पणाला लागली म्हणायची. आम्ही डोंबिवलीत दोन खोल्या आणि एका हॉलात पाच जण राहतो. त्यातले दोघे घरून काम करतात. आपल्या वस्तूची खरी गरज आम्हाला आहे, पण आमच्याकडे काचेची भिंत नसल्यामुळे आपण इकडे फिरकत नसावात.

आपल्या वस्तूचं घराणं मोठं आहे. आपण ते सांगत नाही, म्हणून मीच सांगतो. एका आवाजावर त्याचाच उलटा आवाज सोडायचा, लहरीचा उंचवटा असेल तिथे दुसऱ्या लहरीचा खड्डा नेमका आणून बसवायचा आणि दोन्ही निकालात काढायचे, ही युक्ती पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाची. तिचं अमेरिकन पेटंट १९३६चं. पुढे १९७८ साली झुरिचहून बॉस्टनला जाणाऱ्या विमानात अमर बोस यांनी विमान कंपनीने दिलेले हेडफोन लावले. इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडालेलं ऐकून ते वैतागले आणि विमानातच त्यांनी कागदावर गणित मांडायला घेतलं. (बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. ही गोष्टसुद्धा आपण कधी वापरली नाहीत, आश्चर्य आहे.) त्या गणितातून वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ साल उजाडलं.

तेव्हा साहेब, ही वस्तू विमानासाठी जन्मली. तिचं वैर घरघरीशी आहे. खालच्या पट्टीतली, एकसुरी, पुढच्या क्षणी आपण काय करणार हे आधीच सांगून ठेवणारी घरघर. म्हणून पंखा, एसी, फ्रिज, लोकलच्या डब्याखालची गुरगुर हे सगळं ती झकास पुसून टाकते. शिवनेरी बसमध्ये तर अप्रतिम. विजेवरच्या शिवनेरीने मात्र आपलं निम्मं काम आधीच करून ठेवलंय, तेही तिकिटाच्या पैशांत.

पण कुकरची शिट्टी? शंभर हर्ट्झच्या घरघरीची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. तिच्यासमोर उलटी लहर उभी करायला चिपला पुरेशी सवड मिळते. तीन हजार हर्ट्झच्या चिरक्या आवाजाची लहर जेमतेम अकरा सेंटिमीटरची. तिथे निमिषभराचा उशीर झाला की खड्डा चुकतो आणि उंचवट्यावर उंचवटा येऊन बसतो. त्यामुळे साधारण हजार हर्ट्झच्या वर सगळं इलेक्ट्रॉनिक्स हात वर करतं आणि जबाबदारी कानाभोवतीच्या उशीवर येऊन पडते. मिक्सरची किंचाळी, भंगारवाल्याच्या सायकलवरचा रेकॉर्ड केलेला पुकारा, शेजारच्या काकूंचं गॅलरीतलं फोनसंभाषण, हे थोपवायला आपल्याकडे मुख्यतः काय आहे, तर फोम आणि रेक्झिन. गणपतीतला ढोल तर कानांची वाटच बघत नाही, तो छातीतून आत येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत घालून दिलेली आहे. हे नियम आपले सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी ठरू शकले असते, पण काळजी नसावी.

खोक्यावर आपण ‘५० डीबीपर्यंत शांतता’ असं ठळक छापता. दहा डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा एक-दशांश, या हिशेबाने पन्नास कमी म्हणजे एक-लक्षांश! हे नेमकं कुठल्या पट्टीत घडतं आणि शिट्टीच्या पट्टीत किती उरतं, याचा आलेख छापायला खोक्यावर जागा नसते. ईएमआयच्या तक्त्याला असते.

आणि ईएनसी. त्याबद्दल आपला जाहीर सत्कारच व्हायला हवा. एएनसी आपल्या कानात शिरणारा आवाज मारतं, ईएनसी आपल्या माइकमधून पलीकडे जाणारा गोंगाट गाळतं. म्हणजे पैसे आमचे आणि शांतता समोरच्याला. दीड हजाराच्या खोक्यावर ईएनसी मोठ्या अक्षरांत छापायचं, गिऱ्हाइकाने ते एएनसी समजून घरी न्यायचं आणि पहिल्याच शिट्टीला ‘पीस खराब निघाला’ म्हणत दुकान गाठायचं, असा हा क्रम. पीस खराब नसतो बिचारा. तो त्याचं काम निमूटपणे पलीकडच्या बाजूला करत असतो.

गंमत अशी की घरून काम करणाऱ्याने आधी हेच तपासायला हवं. पण आपल्या जाहिरातीत कुणी कामच करत नाही, सगळे डोळे मिटून गाणी ऐकतात. मीटिंग सुरू होऊन माइक चालू झाला की बहुतेक ब्लूटूथ हेडफोनांची वाट अरुंद पडते, स्टिरिओ जातो आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा एकपदरी होतो. खोक्यावर मिरवलेला, ब्लूटूथवरून दर्जेदार गाणी पोचवणारा ९९० केबीपीएसचा एलडॅक सकाळी दहाच्या मीटिंगला रजेवर असतो, आयफोनवर तर तो रुजूच होत नाही. ज्याचा दिवस बोलण्यात जातो त्याच्यासाठी तोंडापर्यंत दांडी आलेला, कॉल सेंटरछाप हेडसेट आजही सरस आहे, असं माझं स्पष्ट मत. पण तो घालून काचेच्या भिंतीपाशी उभं राहिलेलं बरं दिसत नाही. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींना एकाच वेळी जोडलं जाणं ही खरी पैसे मोजण्यासारखी सोय, तर ती आपण खोक्याच्या तळाशी बारीक टायपात घालता.

आता आपले मॉडेल. त्यांच्यापैकी एकालाही चष्मा नाही. चष्म्याच्या काड्या उशीखालून गेल्या की फट पडते, फटीतून खालच्या पट्टीतला आवाज आत येतो, म्हणजे जो मारण्याचे पैसे दिले तोच. एकीच्याही कानात कुड्या नाहीत की झुमके नाहीत. पुण्याचा भिकबाळीवाला तर आपल्या हिशेबातच नाही. (तो ढोलपथकात असण्याचा संभव मोठा, तेव्हा आवाजाच्या दुसऱ्या बाजूला.) वजनाचंही तेच. सोनीचे डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचे, ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स जवळपास ३८५ ग्रॅमचे. हा फरक दुकानातल्या दोन मिनिटांत कळत नाही, दुपारी तीन वाजता मानेला कळतो. त्यात मे महिन्याची डोंबिवली! घामाने उशीचं रेक्झिन सुटायला लागतं, त्याचे काळे पापुद्रे कानशिलावर चिकटतात, आणि घरात सगळे विचारतात, काय लागलंय.

नवीनतेबद्दल थोडं. सोनीच्याच २०२०च्या एक्सएम४ची घडी घालता यायची. २०२२च्या एक्सएम५मधून ती घडी गेली आणि पिशवी मोठी झाली. २०२५च्या एक्सएम६मध्ये घडी परत आली, तीही नव्या मॉडेलचं आकर्षण म्हणून. आमच्या आजीच्या ट्रंकेतली लुगडी एवढी नशीबवान नव्हती. म्हणून ओळखीचं कुणी सल्ला विचारलाच तर मी सांगतो की मागच्या पिढीचं मॉडेल दिवाळीच्या सेलमध्ये घे. शांततेत दोन वर्षांत पडणारा फरक कानाला कमी आणि पासबुकाला जास्त जाणवतो.

आपली सर्वांत थोर कल्पना मात्र ट्रान्सपरन्सी मोड. आधी एवढे पैसे घेऊन बाहेरचं जग बंद करायचं, मग बटण दाबलं की तेच जग माइकमधून परत आणून ऐकवायचं. थट्टा करतोय खरा, पण ठाण्याच्या फलाटावर गाडी कुठल्या नंबरवर येणार हे ऐकायचं तर तेच बटण लागतं, आणि रस्ता ओलांडताना ते न दाबणाऱ्याच्या अंगावर रिक्षा आली तर दोष रिक्षावाल्याचा नाही.

एक खरा गुण मात्र आपण जाहिरातीत कधीच घातला नाहीत. गोंगाटात माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यापुढे जसजसा आवाज वाढेल तसतसे तास झपाट्याने घटतात. घरघर आधीच मारली गेली, तर गाणं हळू लावून भागतं आणि कान पुढची काही वर्षं टिकतात. पण ‘हळू ऐका’ हे घोषवाक्य विकलं जात नसावं.

तेव्हा विनंती अशी की पुढची जाहिरात आमच्याकडे चित्रित करावी. रविवार नको, कामाचा दिवस हवा, सकाळी साडेदहाची वेळ. ओट्यावर तीन शिट्ट्यांची डाळ असेल, वर ड्रिल असेलच. मॉडेलला चष्मा द्या, कुड्या घाला, आणि मीटिंग चालू ठेवा. मग त्या मीटिंगमधल्या पलीकडच्या माणसाला काय काय ऐकू आलं ते त्याच्याच शब्दांत खोक्यावर छापा. छापण्याजोगं असेल तेवढंच.

कळावे. लोभ आहेच, तो हप्त्यांच्या पानावर दिसतो.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. : कानाच्या उशा सुट्या मिळतात का, जोडीची किंमत काय, आणि बॅटरी संपल्यावर वायर लावून हेडफोन चालतात की नुसतेच गळ्यात राहतात, एवढं उलट टपाली कळवावं. आपल्या मदत केंद्रावर विचारलं होतं, तिथल्या मुलीला माझा आवाज नीट ऐकू येत नव्हता.