सपत्नीक गडदर्शनाची कैफियत

महसूल खात्यात हयात घालवून नांदेड जिल्ह्यातल्या नायगावात स्थायिक झालेल्या आमच्या पेशकारसाहेबांनी (हा हुद्दा सरकारने नव्हे, गल्लीने बहाल केलेला आहे) यंदाच्या हिवाळ्यात सपत्नीक ऐतिहासिक स्थळदर्शनाची मोहीम काढली, तेव्हा मोटारीत पेट्रोल पडण्यापूर्वीच पाहावयाच्या वास्तूंची फेहरिस्त, आगमनाची व प्रयाणाची वेळ आणि अखेरीस 'शेरा' असे रकाने आखलेली नोंदवही सिद्ध झाली होती. इतिहास ही त्यांच्या मते पूर्वजांनी मागे ठेवलेली थकबाकी असून मार्चअखेरपूर्वी तिची वसुली झाली म्हणजे नागरिकाचे कर्तव्य संपले. काकूंनी यावर अभिप्राय न देता धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा बांधून घेतला. नायगावहून निघालो, असे मुंबईच्या भाच्यास फोनवरून कळविताच त्याने, कोणत्या लोकलने, अशी पृच्छा केली. आमच्या तालुक्याच्या कीर्तीविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

नरसीच्या चौकात देगलूरचा रस्ता धरून स्वारी प्रथम होट्टलला रुजू झाली. कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानीतील सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवर ज्या सुरसुंदरी उभ्या आहेत त्यांच्यासमोर साहेबही उभे राहिले, शिल्पांकडे पाठ आणि भ्रमणध्वनीकडे मुख करून त्यांनी छायाचित्र घेतले, व शेऱ्याच्या रकान्यात 'पाहिले' असे नोंदवून ते मोटारीत जाऊन बसले. काकू मात्र भिंतीपाशी रेंगाळल्या. मेखलेच्या लोंबत्या सरी मांडीवर टेकतात तिथे कारागिराने दगड असा काही हलका केला आहे, की वारा आला तर सर सरकेल असे वाटावे. ते त्यांनी बोट न लावता, पदर सावरून, वाकून पाहिले आणि "इतकं नाजूक आपल्या सराफालाबी जमायचं नाही," असा निर्णय दिला. तो नोंदवहीत चढला नाही, कारण तेवढ्यात हॉर्न वाजला.

उदगीरचा किल्ला हा साहेबांच्या विशेष आस्थेचा विषय, कारण तेथील इतिहासात आकडा आहे. खोल खंदकाच्या काठावर उभे राहून, १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर निजामास कसे नमविले, आणि दौलताबाद, बऱ्हाणपूर, अशीरगड, विजापूर धरून साठ लाखांचा मुलूख कसा पदरात पाडून घेतला, याचा तपशील त्यांनी अशा थाटात कथन केला, की तहाच्या मसुद्यावर मोहोर उठविण्यास आपणच हजर होतो असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा. सर्व ऐकून घेऊन काकूंनी एवढेच विचारले, "अहो, मग उदगीर कोणाकडं गेलं?"

हा प्रश्न गैरसोयीचा होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान विलीन होईपर्यंत उदगीर निजामाच्याच दप्तरी राहिले. भाऊ वर्षाच्या आत पानिपतावर कामी आले, आणि त्या साठ लाखांतला बराच मुलूख पुढे निजामाने परत मिळविला. विजय आमचा आणि सातबारा दुसऱ्याचा, हा प्रकार ज्यांनी उभा जन्म फेरफार नोंदविण्यात घालविला त्यांना तरी नवा असू नये. पण साहेबांनी घड्याळ पाहिले आणि कंधारकडे कूच करण्याचे फर्मान सोडले.

वाटेत फलकांची आणि त्यांवर बिरुदांची दाटी होती. राष्ट्रकूट राजे 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे विद्वान मानतात. साम्राज्याचे अधिपती बिरुदे मिरवीत, हे एक वेळ समजते. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या इच्छुकाला वाढदिवसाच्या फलकावर ती ओळीने आठ लागतात, आणि खाली शुभेच्छुकांची शिरे वेगळी.

कंधारच्या किल्ल्यात शिरताच तटाच्या दगडांवर प्रेमवीरांची दप्तरे उघडी पडली. बाण घुसलेली हृदये, अमक्याचे आद्याक्षर, तमकीचे आद्याक्षर, वर्ष. केंद्र सरकारने २०१० साली प्राचीन स्मारकांविषयीच्या आपल्या १९५८ च्या कायद्यातील कमाल शिक्षा तीन महिन्यांवरून दोन वर्षांवर आणि दंड पाच हजारांवरून लाखावर नेला, परंतु प्रेम हे रकमेकडे पाहत नाही, हे सिद्धान्तरूपाने मान्य करावेच लागते. याच गावी एका अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवशेष आहेत. अखंड असताना ही मूर्ती केवढी असेल या कल्पनेनेच मान वर जाते. साहेबांनी त्या दगडी पावलाशेजारी आपले पाऊल ठेवून, प्रमाण कळावे म्हणून, छायाचित्र काढविले. काकू बराच वेळ निमूट पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "राखणदाराचेच हे हाल, तर राखायचं ते कोण राखणार?"

घरी परतल्यावर साहेबांनी गल्लीत वृत्तान्त निवेदन केला तो नोंदवहीबरहुकूम: होट्टल पाहिले, उदगीर पाहिले, कंधार पाहिले. पुराव्यादाखल दाखविलेल्या छायाचित्रांत साहेब स्पष्ट असून वास्तू धूसर आहेत.

वाचकांपैकी कोणी या वाटेने जाणार असेल तर सकाळी लवकर निघावे, पाणी बरोबर घ्यावे, आणि काकू भिंतीपाशी उभ्या दिसल्या तर कृपा करून हॉर्न वाजवू नये.