उन्हाळीवाल्या मावशी

जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण उन्हाळीवाल्या मावशी होत्या तशाच आहेत. पाथर्डीपासून पारनेरपर्यंत गावोगाव एक तरी सापडतेच. हळदीकुंकवाला एखादी सून जरा आखडून बसली, दोनदा मोरीकडे जाऊन आली, की मावशींनी हेरलंच. "उन्हाळी लागली का गं?" हे त्या कुजबुजत विचारतात, ती कुजबुज ओसरीवरच्या पुरुषांनाही नीट ऐकू जाते.

मावशींच्या शास्त्रात लघवीची जळजळ म्हणजे अंगातली उष्णता आणि उष्णता म्हणजे ठेचा, वांगं, चहा, बाजरीची भाकरी. एवढं सोडून नगर जिल्ह्यातल्या बाईनं खायचं काय, हे त्या सांगत नाहीत. उपायांना मात्र तोटा नाही. रात्री भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, कणसाच्या केसांचा काढा. आणि सगळ्यांच्या वर गोखरू, म्हणजे बांधावरचा सराटा. पोरांच्या सायकली पंक्चर करणारा तोच काटा मावशी वेचतात, वाळवतात, कुटतात. वैद्यांच्या गोक्षुरादि गुग्गुळात हाच असतो, हे त्यांना ठाऊक आहे. बांधावर फुकट असताना डबीला पैसे मोजणारी बाई त्यांच्या मते संसाराला नालायक.

"चिमूटभर पूड आन् वर तांब्याभर पाणी. दिवसातून पाच डाव." माझ्या मते गुण येतो तो तांब्याचा. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर जास्त पाणी द्यायचा प्रयोग झाला. २०१८ साली छापून आला. वर्षभरात त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. मावशींना हे सांगा. "नुसत्या पाण्याला औषध कोण म्हणतंय?" म्हणून त्या तुम्हालाच वेड्यात काढतील. अमेरिकेतल्या भाचीनं आणलेली क्रॅनबेरी त्यांनी चाखली आणि करवंदापुढं नापास केली. खरं तर क्रॅनबेरीनं काही बायकांचा त्रास पुन्हापुन्हा उलटायचा कमी होतो. लागलेली उन्हाळी मात्र तीही उतरवत नाही.

अँटिबायोटिकचं नाव काढलं की मावशी भडकतात. "त्या गोळ्या लई गरम पडतात!" पण मिसळणाच्या डब्यामागं त्यांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात दोन दिवसांत बरं वाटल्यावर सुनेनं सोडलेल्या गोळ्या, दिरांच्या दाढेच्या, कुणाच्या तरी खोकल्याच्या, सगळ्या गुण्यागोविंदानं नांदतात. काढ्यानं उतार पडला नाही की डबा उघडतो. "ही एक घेऊन बघ. एकीनं काय होतंय?" होतं ते असं, की बहुतेक वेळा हा उपद्व्याप करणारे आतड्यातले ई. कोलाय जंतू अशा सुट्या गोळ्यांवर जोर-बैठका काढून पैलवान होतात. बरं वाटलं तर गुण गोखरूचा, नाही वाटलं तर दोष डॉक्टरचा. मावशींचा हिशेब कधी चुकत नाही.

आणि याच मावशी पाथर्डीहून नगरला निघाल्या की सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "स्टँडावरल्या संडासात एकदा जाऊन ये, मग बोल." इथं त्यांच्यापुढं कुणाची मात्रा चालत नाही. तालुक्यातल्या कितीतरी बायका ऊसतोडीला जातात. फडात ना आडोसा ना संडास, मग पाणी प्यायचं तरी कुणाच्या भरवशावर? यावर मात्र सराट्याची पूड मावशींनीही कधी सुचवलेली नाही.

तेव्हा मावशी भेटल्या तर धन्या-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. पण थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, लघवीत रक्त दिसलं, साखरेचा आजार असला किंवा दिवस गेलेले असले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर देतील त्या गोळ्या शेवटपर्यंत संपवा. डब्यासाठी एकही ठेवू नका, मावशींनी कितीही मागितली तरी.