मशीन पेट्रोल घेत नाही

चेनसॉला एकांतात बंद पडलेलं कुणी पाहिलेलं नाही. ती बंद पडते ती चारचौघांत, शक्यतो रस्ता अडवून पडलेल्या झाडावर, दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबलेल्या असताना. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास जमिनीवर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला चाटून गेलं, आणि आडवे झालेले फणस-आंबे बघून कोकणातल्या माणसाला या मशीनची खरी किंमत कळली. त्याबरोबर गप्पांना एक नवा विषयही मिळाला : मशीन पेट्रोल का घेत नाही?

या विषयावर मत नाही असा पुरुष माझ्या पाहण्यात नाही. दोरी ओढून ओढून मशीनवाल्याचा खांदा निखळायला आलेला असतो आणि भोवती सल्लागार मंडळ जमलेलं असतं. ‘प्लग गेला.’ ‘चोक दे.’ ‘अरे, चोक काढ.’ ‘कार्बोरेटर खोलल्याशिवाय सुटका नाही.’ हे शेवटचं वाक्य ज्याने जन्मात कार्बोरेटर खोललेला नाही तोच म्हणतो. मशीनवाला पोरगा फक्त एवढंच म्हणतो, ‘काका, जरा बाजूला होता का? उजेड येऊ दे.’

मंडळात एक तरी जुने चेतकवाले असतातच. टू-स्ट्रोक म्हटलं की त्यांना अधिकारवाणी फुटते, आणि तो अधिकार अगदीच खोटा नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची विद्या त्यांचीच. स्कूटर सुरू होईना की तिला अंगावर तिरकी घेऊन पुन्हा उभी करायची, हा राष्ट्रीय उपचारही त्यांचाच. तेव्हा ते सांगणारच, ‘जरा आडवी करून बघ रे!’ पण इथे त्यांचं शास्त्र संपतं. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते, तिच्यावर फ्लोट तरंगतो. गाडी कलली की वाटीतलं पेट्रोल इंजिनाकडे सांडतं. चेनसॉचा धंदाच आडवं-तिडवं, प्रसंगी उलटं होऊन कापण्याचा. तिथे वाटी ठेवून कसं चालेल?

म्हणून तिच्यात वाटीऐवजी पडदे असतात, आणि मला त्या रचनेचं फार कौतुक आहे. पिस्टन वरखाली होतो तसा खाली क्रँककेसमधला दाब वाढतो नि उतरतो. ती धडधड एका बारीक भोकातून कार्बोरेटरपर्यंत पोचते आणि तिथला पातळ डायफ्राम हलवते. तोच पंप, टाकीतून पेट्रोल ओढतो. पलीकडे दुसरा डायफ्राम. त्याच्यासमोर तांदळाच्या दाण्याएवढी तरफ, तरफेच्या टोकाला सुई. इंजिनाने ओढ घेतली की डायफ्राम तरफ दाबतो, सुई उचलते, पेट्रोल आत येतं. एवढ्या नाजूक कारभारावर हातभर जाडीचा फणस कापला जातो.

पण नाजूक म्हणजे दोषी नव्हे. पेट्रोल पोचत नसेल तर वाट टाकीपासून धरावी, हे खरं शहाणपण; आणि माणसाचं मन मात्र थेट कार्बोरेटरवर उडी मारतं. त्याआधी प्लग काढून बघावा. चोक देऊन, दोरी ओढूनही तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वर येतच नाही. ओला चिंब असेल तर पेट्रोल भरपूर आहे, उगाच त्याच्या नावाने बोंब मारू नये.

आता टाकी. मशीन छान सुरू होते, थोडा वेळ चालते, मग जीव गेल्यासारखी मरते. गडी विडी ओढून येईपर्यंत पुन्हा सुरू होते. या आजारापायी कितीतरी निरपराध कार्बोरेटर खोलले गेले असतील. दोष बहुतेक वेळा टाकीला हवा देणाऱ्या व्हेंटचा. भुशाने, मातीने तो बुजला की पेट्रोल बाहेर जातं तशी आत हवा येत नाही, टाकीत पोकळी होते, पंप बिचारा ओढून दमतो. मशीन गार होऊ द्यावी (तापलेल्या टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोल अंगावर उडतं), मग झाकण हळूच फिरवावं. हवा आत ओढली जाताना ‘फुस्स’ असा आवाज आला तर निदान झालं. फी शून्य. सल्लागार मंडळ अशा वेळी फार हिरमुसतं.

टाकीच्या आत पाइपच्या टोकाला फिल्टर असतो. तो मुद्दाम जड केलेला. मशीन जिकडे कलेल तिकडे पेट्रोलबरोबर तोही जातो. तारेच्या आकड्याने तो बाहेर काढला की कधी कधी काळाकुट्ट निघतो. पाइप जुना असेल तर त्यालाही बारीक चीर असते; पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते, आणि आयडलवर मशीन आपोआप रेस होऊ लागते. तिचा आवाज चढला म्हणून खूश होऊ नये. या इंजिनात वंगण वेगळं नसतं, ते पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी, आणि मग पिस्टन जाम. लिटरला 20 मिली ऑइल, म्हणजे पन्नासास एक, हे बऱ्याच मशिनींचं माप. ‘दोन झाकणं’ हे माप नव्हे, कारण कुठल्या बाटलीचं झाकण ते कुणीच सांगत नाही.

शिवाय 2025 पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्क्यांपर्यंत पोचलं. घाटावरचा ऊस असा कोकणातल्या मशीनच्या घशाशी येतो. इथेनॉल ओलावा धरतं आणि आपल्याकडे हवेत दुसरं असतं काय? पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि जड फिल्टर नेमका तळाशी. त्यात जुने डायफ्राम इथेनॉलने ताठर होतात. तेव्हा मात्र कार्बोरेटर खोलावा लागतो, आणि मंडळातला तो गृहस्थ म्हणतो, ‘मी पहिल्यापासून सांगत होतो.’

कार्बोरेटरवर पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे, एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू मात्र सगळं तपासून होईपर्यंत फिरवू नका. आणि झाडं तोडून झाली, मशीन माळ्यावर जाणार असेल, तर टाकी रिकामी करा, उरलेलं पेट्रोल संपून मशीन स्वतः बंद पडेपर्यंत चालवा, मगच ठेवा. पुढचं वादळ येईल तेव्हा तुमच्या मशीनभोवती गर्दी कमी होईल.