डेपोवाले काका शिमल्यात

पुलगावात निवृत्त माणसं दोन जातींची. मिलवाले, मिल कशी बंद पडली ते बोलावून सांगणारे. आणि डेपोवाले, आत काय आहे ते घरच्यांनाही न सांगणारे. दारूगोळ्याच्या डेपोत उभं आयुष्य लेजर लिहिलेले असेच एक काका सुनेच्या आग्रहानं शिमल्याला जातात.

कालक्याला रूळ पाहूनच म्हणतात, "हे तं आपल्या आर्वीच्या गाडीएवढेच हायेत!" खरं आहे. दोन्ही अडीच फुटी. १९०३ची ती कालका-शिमला गाडी युनेस्कोच्या यादीत गेली, आपली पुलगाव-आर्वी बंद पडली, एवढाच फरक.

व्हाइसरॉयच्या उन्हाळी वाड्याच्या दारात काका डेपोच्या सवयीनं मुलाचे खिसे चाचपतात. "माचिस हाये काय?" पहारेकरी चकित.

गाइड सांगतो, लॉर्ड डफरिन १८८८ साली इथं राहायला आले, हे सागवान ब्रह्मदेशचं. काका विचारतात, "चलान कुठी हाये?" १९४५च्या शिमला परिषदेला इथं आझाद आणि जीना आले होते, हे ऐकून सगळे गंभीर होतात. काका छताकडं बघत असतात. एवढं लाकूड, आणि आगीची सोय काय? गाइडला अखेर आपल्या आवडीचा श्रोता भेटतो. पाण्याच्या नळ्यांना मेणाची टोकं होती. धग लागली की मेण वितळून पाणी सुटायचं. काका टोपी काढतात. ३०-३१ मे २०१६च्या रात्री डेपोतल्या आगीनं जागं झालेल्या गावातला माणूस आहे तो. त्याला हसू नये.

बागेत सून गुलाबाशेजारी फोटो काढते. काका हिरवळीवर टाच आपटून बघतात, कारण पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या हिरवळीखाली आहेत. "पोकळ वाजते!" माळी ओरडतो. काका त्यालाच टाकी शेवटची कधी साफ केली ते विचारतात.

राधाकृष्णन यांनी हा वाडा अभ्यासकांना दिला, १९६५पासून इथं संशोधन चालतं, हे काकांना पटतं. पुस्तकं म्हणजे मोजता येणारा माल.

साम्राज्याबद्दल त्यांचा निकाल एका वाक्याचा: "साहेब कसाही असो, स्टोअरकीपर पक्का होता."

शिमल्याला निघालात तर एखादा डेपोवाला सोबत न्या. मात्र त्याच्यासमोर माचिस काढू नका.