अ‍ॅव्हरेज विचारू नये

रविवारी भल्या पहाटे पुण्याहून खंबाटकीच्या दिशेने निघणाऱ्या बुलेटच्या ताफ्यात एक प्रश्न कधीही विचारू नये. "अ‍ॅव्हरेज किती देते?" असं विचारणारा तिथल्या तिथे उघडा पडतो. तो शौकीन नाही. त्याला नुसतं कुठेतरी पोचायचं असतं.

शौकिनाला पोचायचं नसतं. मिसळ त्याच्या घराखालीही मिळते, पण तीच मिसळ गुडघ्याला पॅड, अंगात जाकीट आणि हेल्मेटवर कॅमेरा लावून साताऱ्यात खाल्ली की तिला राइड म्हणतात. दूधवाला चाळीस लिटरचं ओझं लादून एम-८०वर रोज घाट चढतो. त्याला फक्त उशीर झाला म्हणतात.

१९५०च्या दशकात भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी आठशे बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला त्या बनवणारी कंपनी उभी राहिली. गस्तीचं ते वाहन आज कर्वे रस्त्यावर दळण आणायला जातं. हरकत काहीच नाही, दळणालाही संरक्षण हवं. पण जुन्या बुलेटच्या मालकाशी बोलून बघा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, त्यामुळे दुसऱ्याची गाडी हातात आली की हा थांबायच्या ठिकाणी गिअर बदलणार. सुरू करण्याआधी अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकम्प्रेशन दाबायचं, कुलदैवताला स्मरायचं आणि मग किक. ती उलटली तर नडगी गेली. हे सगळं तो तक्रार म्हणून सांगत नाही, बढाई म्हणून सांगतो. नव्या बुलेट बटणावर सुरू होतात, गिअर डावीकडे आले, तेलही गळत नाही. "आता त्यात काय राहिलंय?" असं म्हणताना त्याचा चेहरा पाहवत नाही.

यात पंथही आहेत. जावा-येझदीवाल्यांच्या गाडीत किक मारायचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो. या एका गोष्टीवर ते तासभर बोलतात. आरएक्स हंड्रेडवाल्यांकडे फक्त शंभराच्या आतबाहेरची सीसी आहे, पण आवाज असा की पुढच्या चौकातली म्हातारी आधीच फुटपाथवर चढते. पंथ कोणताही असो, मुख्य देवता आवाज. मूळ सायलेन्सर काढून बंदुकीच्या गोळीबारासारखं 'फायरिंग' करणारा बसवायचा हे व्रत. पोलीस अधूनमधून असले जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. तेवढा एकच सोहळा आमच्यासारख्या सामान्यांसाठी असतो.

आता दुसरी जात बघा, कामाची. १९७२ साली कायनेटिकने लूना आणली. पन्नास सीसी, पायात पेडल. पेट्रोल संपलं की सायकल, चढ आला की व्यायाम. मास्तर, एलआयसीचे एजंट, भाजीवाले, लग्नाच्या पत्रिका वाटणारे काका, सगळ्यांना तिने पोचवलं. तिच्यावर शौकिनांनी पाव शतक विनोद केले. २०२४ साली ती विजेवर परत आली, तेव्हा याच मंडळींनी डोळे पुसत बालपण आठवलं. विकत किती जणांनी घेतली, ते विचारू नका. तोही अ‍ॅव्हरेजसारखाच असभ्य प्रश्न आहे.

चार चाकांचं नशीब याहून वाईट. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये दोन माणसांची छोटी मोटार स्वतः तयार केली. 'मीरा' नावाने तिच्या सुधारित आवृत्त्या पुढे सत्तरच्या दशकापर्यंत निघत राहिल्या. कारखाना निघाला नाही. बंगळुरूची विजेवर चालणारी चिमुकली रेवा २००१ मध्ये आली. आपण हसलो, तिकडे लंडनकरांनी तिला जी-विझ म्हणून चालवली. अर्थात हसले तेही, पण गाडीत बसून.

नॅनो २००८ मध्ये दिल्लीत दाखवली गेली. पावसात स्कूटरवर भिजणारं कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली होती. त्या कुटुंबाने मात्र भिजणं पसंत केलं, कारण "सगळ्यात स्वस्त" गाडीतून उतरताना शेजारी बघतात. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. २०२२ मध्ये खुद्द टाटा नॅनोतून ताज हॉटेलला आले, तर साधेपणाच्या कौतुकाने देश गहिवरला. गहिवरणाऱ्यांच्या पार्किंगमध्ये एसयूव्ही होत्या.

आणि बजाजची क्यूट! वाळूजला बनणारी, २१६ सीसीची, मागे इंजिन असलेली. २०१२ मध्ये दाखवली, तेव्हापासून कंपनी सांगते आहे की ही कार नव्हे. मग काय? रिक्षाही नव्हे. सरकारने 'क्वाड्रिसायकल' असा वर्ग काढला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि महाराष्ट्रात ती विकायला आली २०१९ मध्ये. शौकिनांनी कागदावरचा वेग वाचून नाक मुरडलं: "सत्तरच?" हे वाक्य मी सिंहगड रस्त्यावर ऐकलं. सायंकाळी तिथे तिसरा गिअर पडला तर पेढे वाटावेत.

खरं तर हे लोक गाड्यांवर प्रेम करत नाहीत, गैरसोयीवर करतात. गाडी मुकाट्याने काम करते तोवर ती खटारा. कंपनी बंद पडली, स्पेअर मिळेनासे झाले, मेकॅनिक वारला, की तीच व्हिंटेज. नवी असताना हप्त्यावर घेतलेली आरएक्स हंड्रेड आज चकाचक करून लाखाच्या वर मागते, आणि मागितलेले पैसे देणारे मिळतात.

तेव्हा वाचकहो, परसात एखादी एम-८०, लूना किंवा नॅनो पडलेली असेल तर एवढ्यात भंगारवाल्याला बोलावू नका. ताडपत्री टाका आणि थांबा. आरसी बुक मात्र जपून ठेवा, त्याशिवाय भाव येत नाही.