छत्तीस गुण जुळले

टोरांटोच्या मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाने ऑक्टोबर २०२० मध्ये ४१ वर्षांच्या जो थॉर्नटनला करारबद्ध केले. निष्ठावंत चाहत्याला आकाश ठेंगणे झाले, आणि ते रास्तच होते. संघाने आपल्या लीगचा स्टॅनले चषक शेवटचा जिंकला १९६७ मध्ये. थॉर्नटन १९९७ पासून या लीगमध्ये होता, आणि चषक त्याच्याही हाती लागलेला नव्हता. म्हणजे चषक न जिंकण्याचा ५३ वर्षांचा संस्थात्मक आणि २३ वर्षांचा वैयक्तिक अनुभव आता एकाच छताखाली नांदणार होता.

त्याच्या पांढऱ्या दाढीकडे कोणी बोट दाखवू नये. बॉस्टनच्या संघाने त्याची निवड केली, तेव्हा लीफ्सचा हुकमी एक्का ऑस्टन मॅथ्यूज जन्मलाही नव्हता. घरात वडीलधारे माणूस हवेच.

चाहत्याकडे पुरावाही होता. १९६७ च्या विजेत्या संघाचा गोलरक्षक जॉनी बोवर ४२ वर्षांचा होता. थॉर्नटन एका वर्षाने कमी पडत होता, एवढाच काय तो दोष. खरे तर भरतीसाठी किमान वय चाळीस ठेवावे, अर्जासोबत संधिवाताचा दाखला मागावा आणि नातवंडे असल्यास जादा गुण द्यावेत.

२०२१ मध्ये लीफ्स पहिल्याच फेरीत माँट्रियलविरुद्ध ३-१ असे पुढे होते. मालिका ४-३ अशी हरले. अनुभवात मोलाची भर पडली. जुलैत थॉर्नटनला बेचाळीस पूर्ण झाली. तो एकमेव दोषही दूर झाल्यावर, ऑगस्टमध्ये, त्याने फ्लोरिडाच्या संघाशी करार केला.